माझ्या बापाचा नांगर मैदानावरून परत आणण्याबाबत

गेल्या शनिवारी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात माझा नातू गॅरेट चेंडू पोटाशी घेऊन पडला, उठला, आणि आपल्या पोरांकडे जायचे सोडून समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्यातल्याच एकाने त्याचे खांदे धरून त्याला वळवले आणि आमच्या बाजूला ढकलून दिले. सगळे मैदान हसले. मग सगळे मैदान उभे राहून ओरडले, "पुन्हा! पुन्हा!" आणि माझा मुलगा मार्विन, जो त्या पोराचा बाप आहे आणि त्या संघाचा प्रशिक्षकही आहे, त्याने चेंडू पुन्हा त्यालाच दिला. त्याच बाजूने.

हे आधी लिहिते, बाकीचे मग. वकीलबाई जोलीन म्हणतात की मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. नसू दे.

आता रीतसर. मी, अर्मा व्लास्ता कुचेरा, कै. एमिल कुचेरा यांची विधवा, वय एक्क्याऐंशी, राहणार क्ले फोर्क, नेब्रास्का, शिक्षण आठ इयत्ता, त्याही सगळ्या एकाच खोलीत, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. आमच्या घरात हे वेगळे सांगावे लागते. हृदय ठिकाणावर नाही. डॉक्टरने ते मला कागदावर चित्र काढून दाखवले. हे मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. गोड बोलणारे आमच्या घरात कोणी नाहीच. एमिल असताना केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे मार्विनला होते.

कायद्याने हे कागद मी मेल्यावर उघडायचे. पण मी ते शुक्रवारी संध्याकाळी माझ्या टेबलाशी, माझ्यादेखत, जोलीनकडून वाचून घेणार आहे, कारण शनिवारी हंगामातला शेवटचा सामना आहे आणि त्याआधी मरणे माझ्याच्याने जमेलसे दिसत नाही. जिवंत बाईचे बोलणे या घरात टीव्हीच्या आवाजाखाली जाते. वकील कागद वाचत असताना तरी तो बंद ठेवतील. जोलीन म्हणाल्या, "असं कोणी करत नाही हो, अर्माआजी." मी विचारले, "मनाई आहे का?" मनाई नाही.

कलम पहिले, घर.

माझे राहते घर, भांडीकुंडी आणि तळघरातल्या बरण्यांसह, माझी सून कॉनी हिला द्यावे. मार्विनला नव्हे, दोघांना मिळूनही नव्हे. कॉनीला. कॉनी प्रत्येक सामन्याला येते आणि गॅरेटच्या हातात चेंडू गेला की डोळे मिटते. मार्विनला वाटते ती प्रार्थना करते. मी तिच्या शेजारी बसते. ती प्रार्थना करत नाही, ती नुसती बघत नाही.

घराच्या मागच्या दाराला अगदी वर, टाचा उंचावून लावावी लागते अशी एक कडी आहे. ती काढू नये. एमिल पहाटे उठून शेजारी टोमेकांच्या घरात शिरून त्यांच्या खुर्चीत बसू लागला, तेव्हा ती मी बसवून घेतली. एमिल कडी नेहमीच्या जागी, मुठीपाशी शोधायचा, आणि सापडली नाही की दाराला खांदा लावायचा. खांदा लावणे तो शेवटपर्यंत विसरला नाही. बायकोचे नाव विसरला. कॉनी, तुला त्या कडीची गरज पडू नये अशी माझी इच्छा आहे. पण माझ्या इच्छेने आजवर काय काय झाले आहे ते तू बघितलेच आहेस.

कलम दुसरे, नांगर.

मैदानाच्या उत्तर टोकाला सिमेंटच्या चौथऱ्यावर घोड्याने ओढायचा जो नांगर बसवलेला आहे, तो कॉलेजचा नाही. तो माझा बाप योसेफ झेलेनी याचा आहे आणि त्याच्या मागे माझा आहे. आमचा संघ स्वतःला 'नांगरे' म्हणवतो, म्हणून एमिलने प्रशिक्षक झाल्यावर तो एका हंगामापुरता मागून नेला. बापाने विचारले, "परत कधी देणार?" एमिल म्हणाला, "हरलो की." त्या हंगामात एमिल हरला नाही. पुढे हरला, तेव्हा माझा बाप जमिनीखाली होता आणि नांगर सिमेंटमध्ये.

सामना जिंकला की ज्या पोराने चेंडू पोटाशी धरून समोरच्या पोरांच्या भिंतीत डोके घातले, त्याने त्या नांगराला हात लावायचा आणि त्याचे नाव पितळी पट्टीवर ठोकायचे, ही एमिलची रीत. 'पुन्हा' ओरडायची रीतही त्याच्यामुळेच पडली. तो स्वतः खेळत होता तेव्हा एकदा पुढे मुसंडी मारून आला आणि समोरच्यांना तोंडावर म्हणाला, "आता परत इथूनच येतोय." आणि परत तिथूनच गेला. गाव वेडे झाले. तेव्हापासून पोरगा चांगला पुढे घुसला की सगळ्यांनी उभे राहून 'पुन्हा!' ओरडायचे आणि प्रशिक्षकाने तीच चाल, त्याच बाजूने, परत करायची. समोरच्यांना ऐकू जाते. ऐकू जावे म्हणूनच ओरडायचे. चोराला आपली वेळ कळवायची, दार उघडे ठेवायचे आणि वर छाती काढून उभे राहायचे, अशी ही आमच्या गावाची शान. एमिलच्या काळी समोरची पोरेही आमच्यासारखीच होती, बटाट्यावर वाढलेली. हल्ली समोर उभी राहतात ती बघितली की मला आमच्या गोठ्यातल्या बैलाची आठवण येते, आणि तो बैल तरी दाव्याला बांधलेला असायचा.

तरी तो नांगर चौथरा फोडून काढावा आणि माझ्या अंगणात आणून ठेवावा. गंजला तर गंजू द्यावा. कॉलेज दुसरा आणेल, हे मला कळते. नवा, लाल रंगाचा, कारखान्यातून. पोरे त्यालाही हात लावतील. पण माझ्या बापाने त्या नांगराने जमीन उलथली होती, माणसे नाहीत. तेवढा मला परत हवा.

कलम तिसरे, कुरण.

स्टेडियमला लागून असलेले माझे कुरण, जिथे सामन्याच्या दिवशी सगळा तालुका गाड्या लावून सकाळपासून मांस भाजत बसतो, ते कॉलेजला द्यायचे माझ्या मनात होते, एका अटीवर. अट अशी की संघाने चेंडू फेकायला शिकावे. रोज नको, सारखा नको. पण समोरच्यांना धाक राहील इतका तरी हवेतून जावा. मी ही अट जोलीनकडे घेऊन गेले.

"अर्माआजी, ही अट टिकणार नाही."

"का? जमीन माझी आहे ना?"

"जमीन तुमची. पण चेंडू कधी फेकायचा हे कोर्ट कसं ठरवणार? न्यायाधीश मैदानात येऊन उभे राहतील का?"

"आमचे न्यायाधीश येतात. तिसऱ्या रांगेत बसतात. सगळ्यात जोरात 'पुन्हा' तेच ओरडतात."

जोलीन हसल्या. मला हसू आले नाही. मी म्हटले, बरं, मग अट बदला. पोराला डोक्याला लागलं तर त्या दिवशी चेंडू द्यायचा नाही, असं घाला. त्या म्हणाल्या, तो नियम आधीपासूनच आहे, फक्त 'लागलं' हे कोणी ठरवायचं ते बघा. मी बघितले. ते पुढे लिहिले आहे.

तेव्हा कुरण कॉलेजला देऊ नये. बर्निस टोमेकच्या मेंढ्यांना चरायला द्यावे, आणि सामन्याच्या दिवशीही मेंढ्याच चरतील. लोक गाड्या गावात लावून चालत येतील. चालून त्यांचे काही बिघडणार नाही, आणि माझे काही साधणार नाही, हेही मला ठाऊक आहे. चालत येतील आणि येऊन तेच ओरडतील.

कलम चौथे, माटेओ आणि मैदानातल्या दोन जागा.

चाल सुरू झाली की चेंडू आधी ज्या पोराच्या हातात येतो, तो माटेओ ओरेयाना. फेकायचा की दुसऱ्याला द्यायचा हे ठरवायला तो असतो, असे म्हणतात. ठरवतो मार्विन. माटेओ वळतो आणि गॅरेटच्या पोटात चेंडू कोंबतो, एवढेच त्याचे काम. त्याचा हात फेकायला उघडतो त्याहून जास्त वेळा माझ्या तळघराचे दार उघडते.

हा पोरगा गॅरेटबरोबर माझ्याकडे जेवायला येतो. सप्टेंबरात बटाटे काढले तेव्हा दोघे मदतीला आले होते. वारा असा होता की कोंबड्या तिरक्या चालत होत्या. गॅरेट म्हणाला, "माट्या, त्या कोठाराच्या वरच्या खिडकीत बटाटा टाकून दाखव." माटेओने वाऱ्याकडे बघितले, बटाटा हातात फिरवला, आणि खिडकीच्या भलत्याच बाजूला फेकला. मी म्हटले, गेला वाया. वाऱ्याने तो वळवला आणि बरोबर खिडकीत नेऊन घातला. मग दुसरा. मग तिसरा.

मी विचारले, "अरे, हे मार्विनला दाखवलंस का?"

"दाखवलं, आजी. ते म्हणाले, बटाटे जमिनीतच बरे."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? 'हो सर' म्हणालो."

एवढ्यात गॅरेट म्हणाला, "आजी, याला शिव्या दे जरा. माझं आयुष्य सोपं करू शकतो, पण करत नाही." माटेओला ते लागले. माटेओ म्हणाला, "मला एकदा फेकू दे म्हणून तू बाबांना सांग की. तुझं ऐकतील." गॅरेट वाकून बटाटे गोळा करू लागला.

एमिलचा लोकरी कोट माटेओला द्यावा. खांद्यात सैल होईल, पण त्याला फेकायला हात मोकळा लागतो. स्टेडियममध्ये मध्यरेषेसमोर बसायच्या माझ्या दोन जागांपैकी एक कॉनीकडे राहावी, तिने बघावे की डोळे मिटावे हे तिचे ती ठरवेल. दुसरी, म्हणजे एमिलची, माटेओच्या आईला द्यावी. आमच्याकडे या जागा जमिनीसारख्या वारसाने उतरतात, आणि टोमेकांच्या घरात दोन सख्ख्या भावांनी एका जागेवरून धरलेला अबोला अजून सुटलेला नाही, तेव्हा हे मोठे दान आहे हे तिला कोणीतरी समजावून सांगावे. ती मांसाच्या कारखान्यात शनिवारीही कामाला असते. तिने आपल्या मुलाला चेंडू फेकताना कधी बघितलेले नाही. तसे इतर कोणीही फारसे बघितलेले नाही म्हणा.

कलम पाचवे. माझी बहीण अल्बिना हिला काही देऊ नये. आईची नूडल्स कापायची फळी तिने आई गेल्याच्या दिवशी एप्रनखाली न लपवता, सगळ्यांसमोर उचलून नेली. ती फळी माझ्या नावाची होती. आता ठेव म्हणावे. फक्त मी विसरले नव्हते एवढे तिला कळवावे. विसरणारी माणसे आमच्या घरात दुसरी आहेत.

कलम सहावे, मार्विन.

माझा मुलगा मार्विन याला एमिलचे शेवटचे जोडे द्यावेत. पलंगाखाली, खोक्यात आहेत. नाड्यांचे नाहीत, चिकटपट्टीचे आहेत, कारण नाडी म्हणजे काय करायची ते एमिलला कळेनासे झाले होते आणि माझी बोटे वाकली होती. मार्विनने ते घालायचे नाहीत, टाकायचे नाहीत. ड्रेसिंग रूममध्ये ज्या भिंतीवर एमिलचा फोटो आहे, त्याच्या खाली ठेवायचे. फोटोत तो नांगरापाशी उभा आहे आणि हसतो आहे. तो खरा आहे. जोडेही खरे आहेत.

आता रविवारचे लिहिते, कारण तेव्हा मी तोंडाने जेवढे बोलता येते तेवढे बोलून घेतले.

शनिवारच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सगळे माझ्याकडे जेवायला आले. मी बदक भाजले होते, पिठाचे उकडलेले डंपलिंग आणि आंबवलेली कोबी होती. वाढता वाढता मी म्हटले, "मार्विन, या शनिवारी थोडा चेंडू हवेतून जाऊ दे."

"आई, जेवायला दे."

"देतेय. अकरा जण उभे असतात तुझ्या पोरासमोर. अकराच्या अकरा, कारण कुठून येणार ते सगळ्यांना माहीत असतं. चार-पाच वेळा लांब फेकलास तर त्यातले तिघे-चौघे मागे सरकून उभे राहतील. आत्ता त्यांना मागे वळून बघायचीसुद्धा गरज नाही."

"फेकला होता गेल्या वर्षी. दोन त्यांनी झेलले आणि आपण हरलो. आठवतंय ना?"

"वर्षातून एकदा पाव केला तर तो विटेसारखाच होणार. पिठाचा काय दोष?"

"इथला वारा बघ, आई. नोव्हेंबरात इथे डोक्यावर टोपी टिकत नाही. धावून झेलणारी चपळ पोरं क्ले फोर्कला कशाला येतील? मला मिळतात शेतावरची. ती ढकलतात. जे आहे त्यातूनच स्वयंपाक करतो मी, तुझ्यासारखा. आणि बाबा काय म्हणायचे? हातातलं आपलं, हवेतलं वाऱ्याचं." मग त्याने सुरी खाली ठेवली. "यंदा एक सामना सोडला तर सगळे जिंकलोय. सांग, मी काय चुकतोय?"

ते जिंकले आहेत. हरणाऱ्याला चार गोष्टी सांगता येतात, जिंकणाऱ्याला काय सांगणार? वाऱ्याचेही खरे आहे, पोरांचेही खरे आहे. माझ्याकडे एकच खरे होते आणि ते माझ्यासमोर बसून डंपलिंग खात होते.

तेच म्हणाले, "आजी, बाबा बरोबर बोलतायत. मला चेंडू हवाच असतो."

"तुला विचारलं नाही."

"मार मला बसतोय, मग मलाच विचार की." आणि हसला. मेला हसताना अगदी एमिलसारखा दिसतो.

मग मी कोलाच आणले, आमच्याकडचे गोड पाव. मधल्या खळग्यात जर्दाळू, आलुबुखार आणि खसखस, तिन्ही तऱ्हेचे, कारण या घरात प्रत्येकाचा वेगळा. गॅरेट दात आल्यापासून एकाच तऱ्हेचा खातो. दुसरा दिला तर लहानपणी ताटली ढकलून द्यायचा. त्याने हात पुढे केला, आणि हात ताटलीवर तसाच राहिला. मग त्याने विचारले, "मला कोणता आवडतो?"

अगदी साधेपणाने. मिठाची बाटली कुठे आहे असे विचारावे तसे.

मार्विनने मान वर न करता सांगितले, कोणता ते. गॅरेट म्हणाला, "हां, तोच," आणि घेतला. कॉनीने डोळे मिटले. टीव्हीवर कोणाचा तरी सामना चालू होता. मार्विन म्हणाला, "कॉफी आहे का?"

कोणता ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

मार्विन, बापाच्या बाबतीत तू हेच करायचास. चर्चच्या दारात कोणी समोर आले की तू आधीच त्याच्या कानाशी लागायचास, "बाबा, हे टोमेक. बाबा, हे आपले डॉक्टर." चार लोकांत त्याची फजिती होऊ नये म्हणून. प्रेमाने करायचास, मी बघितले आहे. त्यामुळे गावाला बरेच दिवस कळले नाही. मला वाटते तुलाही कळले नाही. तू इतक्या चटकन सांगायचास की तो गप्प राहिलेला तुला कधी ऐकूच आला नाही.

कलम सातवे, गॅरेट.

बँकेत माझे जे काही आहे ते गॅरेटला द्यावे, शिक्षणासाठी. शिक्षण झेपेनासे झाले तर त्याला सांभाळायला ठेवाव्या लागणाऱ्या बाईच्या पगारासाठी. जोलीन म्हणाल्या, "असं लिहू नका हो, अपशकुन होतो." मी म्हटले, हा शकुन नाही, खर्च आहे. एमिलच्या वेळी बाई परवडली नाही, म्हणून मीच होते.

ऑगस्टात गॅरेट माझ्या ओट्यावर बसून मक्याची कणसे सोलत होता तेव्हा त्याने मला एक गंमत सांगितली. हंगाम सुरू व्हायच्या आधी कॉलेजात संगणकावर पोरांची परीक्षा होते. शब्द लक्षात ठेवा, चित्रे ओळखा, पटापट बटण दाबा. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत घेतात आणि फरक पडलाय का बघतात. तर मोठी पोरे लहान पोरांना शिकवतात की पहिली परीक्षा मुद्दाम वाईट द्यायची. हळू दाबायचे, चार शब्द गाळायचे. म्हणजे आधीच मठ्ठ ठरायचे, मग पुढे खरोखर मठ्ठ झालात तरी कागदावर जिथल्या तिथे. "हुशारी आहे की नाही, आजी?" म्हणाला. "पण कोणाला सांगू नकोस हं." मी हो म्हटले. मला वाटले, शाळेतल्या पोरांचा चावटपणा.

सोमवारी मी त्या परीक्षा घेणाऱ्या माणसाकडे गेले. भला आहे, तरुण आहे, पोरांच्या घोट्याला पट्ट्या बांधतो. त्याने मला खुर्ची दिली आणि कागद दाखवला. "हे बघा, आजी. ऑगस्टात होता तसाच आहे. खेळायला हरकत नाही."

मी म्हटले, "ऑगस्टात तो असा नव्हता."

"कागदावर तर असाच आहे."

"कागद काय माझ्याकडे जेवायला येतो?"

तो म्हणाला, "तुमची काळजी कळते मला." काळजी सगळ्यांना कळते. मी उठले. दाराबाहेर मार्विन उभा होता, शिट्टी गळ्यात. म्हणाला, "आई, पोराला लाज आणू नकोस." मी घरी आले आणि कोंबड्यांना दाणे टाकले. आणखी काय करणार होते? मैदानात जाऊन त्याच्यासमोर आडवी पडू? शनिवारी मी जागेवर उभी राहून दोन्ही हात हलवले होते, मार्विनने बघावे म्हणून. नको, नको, असे. माझ्या मागचा विद्यार्थी मला बघून तसेच हात हलवू लागला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी रांग. त्यांना वाटले म्हातारी जोर चढवते आहे.

गॅरेट, तोंडाने कोणाला सांगणार नाही असे मी तुला म्हटले होते. हे तोंड नाही, कागद आहे. आणि तुमच्या सगळ्यांचा कागदावर फार विश्वास आहे.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई जोलीन यांनी करावी. माझ्या मयताला कोणी संघाचा रंग घालून येऊ नये. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत गॅरेट नसावा, त्याने पुरेसे ओझे उचलले आहे. मला एमिलशेजारी पुरावे, भिंतीच्या बाजूला, म्हणजे वारा त्याला लागेल.

हे मी स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिले. शुद्धलेखन जोलीनने तपासले. मजकुराला त्यांनी हात लावायचा प्रयत्न केला, मी लावू दिला नाही. वाचून, समजून, चष्मा लावून सही करते.

अर्मा व्लास्ता कुचेरा

आम्ही खाली सही करणारे असे सांगतो की वर जिने सही केली ती आमच्यासमोर केली, आणि तिचे डोके आम्हा दोघांहून बरे चालते.

बर्निस टोमेक, शेजारीण. (हिच्याच खुर्चीत एमिल जाऊन बसायचा. ही त्याला आधी कॉफी करून द्यायची आणि मग मला फोन करायची. आमच्यात आभार मानायची पद्धत नाही, म्हणून साक्षीदारांच्या जागी लिहून ठेवते. सही करताना ही म्हणाली, "अगं अर्मा, शुक्रवारी हे वाचलंस तर मार्विन उठून जाईल." मी म्हटले, "समोरच्या दाराशी तू बस. मागच्या दाराची कडी वर आहे, सापडेपर्यंत वेळ लागेल.")

लायल होफर, टपाल वाटणारा. (याने वाचले नाही, फक्त सही केली. एरवी सगळ्यांची पोस्टकार्डे वाचतो.)

स्थळ: क्ले फोर्क, नेब्रास्का.
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार.

एक सूचना राहिली. सहीच्या खाली आली म्हणून ती कमी समजू नये.

हे वाचून झाले की जोलीनने कागद टेबलावर ठेवावा. बर्निस स्वयंपाकघरातून कोलाचची ताटली आणेल, तिन्ही तऱ्हेचे, आणि गॅरेटसमोर ठेवेल. जोलीनने त्याला एवढेच विचारावे: यातला तुला कोणता आवडतो? रविवारी सांगितलेले त्याच्या ध्यानात असेल तर मी चुकीची ठरेन, आणि जन्मात पहिल्यांदा मला चुकीची ठरायचे आहे. लागेल तेवढा वेळ लागू द्यावा. टीव्ही बंद. कॉनी, डोळे उघडे ठेव. मी काही बोलणार नाही. मार्विन, तू पोराच्या चेहऱ्याकडे बघायचेस, ताटलीकडे नाही, आणि ओठ हलवायचे नाहीत. उत्तर गॅरेटने द्यायचे.